रिकामं जातं

रिकामं जातं फिरवू नये, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. घराला बरं नसतं म्हणतात. मला विचाराल तर खरं कारण तो आवाज असावा. दाणे घातलेलं जातं घोगऱ्या आवाजात बोलतं, ऐकता ऐकता झोप लागते. रिकाम्या जात्यात दगडावर दगड घासतो आणि ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. तो आवाज मी एका भर दुपारी गावाच्या शिवेवर बसून ऐकला आहे. ज्या घरातून तो येत होता ते माझंच घर, आणि त्या घरात मरणाला टेकलेल्या माझ्या सासूशिवाय कुणी नव्हतं. सबंध गावातच कुणी नव्हतं.

हे १९८७ च्या भादव्यातलं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुहून सात मैल आत, सत्तर उंबऱ्यांचं आमचं गाव. त्या महिन्यात हगवणीनं तीन लेकरं गेली. चौथं पडलं तेव्हा उद्धवराव पटलानं चावडीवर सांगितलं, येत्या रविवारी गाव मोकळं करायचं. म्हणजे एक दिवस गाव पुरतं पोचामायच्या, रोगराईच्या देवीच्या, हवाली करायचं. दिवस उगवायच्या आत माणसं, ढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळी शिवेबाहेर. घरांची दारं सताड उघडी. गावात चूल पेटवायची नाही, जातं हलवायचं नाही. माय दिवसभर घराघरातून फिरते, आणि दिवस बुडाला की रोगराई घेऊन निघून जाते. मागं कुणी राहिलंच तर ते तिचं. जगलं वाचलं तरी वर्षभर त्याच्या हातचं पाणी कुणी पीत नाही, आणि पुढं एखादं लेकरू दगावलं तर ते त्याच्या माथी.

माझी सासू गयाबाई चार महिने खाटेवर होती. पडून कंबर मोडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू, माणसाची नुसती सावली दिसायची. त्या दोन दिवसांत तर श्वासही घरघरायला लागला होता. माझा नवरा महिपत पटलाला म्हणाला, खाटेसकट उचलून नेतो. पटलानं मान हलवली.

"शिवेबाहेर मेली त नऊ दिवस गावाले वापस येता येत नाई, महिपत. सत्तर घरं हायेत. ढोरंवासरं हायेत. आता तूच सांग काय करावं."

महिपत काय सांगणार? मला सोडून त्यानं जन्मात कुणाला काही सांगितलं नाही. मग असं ठरलं की उशाशी पाण्याचा लोटा ठेवायचा, दार उघडं ठेवायचं आणि म्हातारीला पोचामायच्या ओटीत घालायचं. ठरवलं पुरुषांनी, पण लोटा भरला मी.

मला राहता आलं असतं. कडेवर चौदा महिन्यांची पोर होती, हे कारण मी स्वतःला आजवर हजारदा सांगितलं आहे. ते खरं आहे आणि पुरत नाही. पोर महिपतजवळ देता आली असती. मी भ्याले, एवढंच.

पहाटे निघताना म्हातारीनं माझा पदर धरला. "जयवंता, कोंबडे काऊन नाई आरडून राह्यले? तू कोठी चालली व?"

कोंबडे टोपलीत घालून केव्हाच शिवेवर गेले होते. मी म्हणाले, "गाय पिळून आलीच मी, माय."

"येकटी नको ठेवू व मले."

"नाई ठेवत."

पदर सोडवायला मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

गावात एकच ख्रिस्ती घर होतं आणि त्या घरात एकच माणूस, रुख्मिणी. तिच्या नवऱ्याला महारोग झाला तेव्हा ती त्याला दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली, आठ वर्षं तिथंच राबली, तिथंच बाप्तिस्मा घेतला. नवरा गेल्यावर परत आली ती तेच नाव आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात एक क्रूस घेऊन. मजुरीनं कापूस वेचायची. तिची खोड एकच. कुणी आजारी पडलं की जाऊन बसायची. औषध द्यायची नाही, उपदेश करायची नाही, प्रार्थना केलीच तर मनातल्या मनात. आम्ही तिला 'बसणारी' म्हणायचो आणि हसायचो. माझ्या सासूजवळही ती कितीदा बसून गेली होती. एकदा मी चिडून विचारलं, "काई करत नाई त येतेस कायले?"

ती म्हणाली, "आमच्या प्रभूले मरायच्या आधी लई भेव वाटलं होतं म्हणते. दोस्ताले म्हणे, जरासे बसा माह्याजवळ. दुसरं काई मागतलं नाई त्यानं. अन् ते झोपून गेले. तवाचं बसनं राह्यलं हाय, बाई. तेच बसून राह्यली."

दर रविवारी पहाटेच्या पहिल्या बसनं ती आदिलाबादला चर्चमध्ये जायची. म्हणून त्या दिवशी पटलानं शिवेवर घरं मोजली तेव्हा रुख्मिणीची कुणी चौकशीच केली नाही. रविवार होता, ती गेली असणार.

शिवेपलीकडे बाभळीखाली चुली मांडल्या होत्या. बायका भाकरी थापत होत्या, पोरं खेळत होती, जत्राच म्हणा. समोर दोन शेतांची ज्वारी आणि तिच्या मागं रिकामं गाव. आमचं घर त्या अंगाला शेवटचं. दिवस डोक्यावर आला तेव्हा आवाज सुरू झाला.

आधी कुत्र्यांनी कान टवकारले, मग बायकांचे हात थांबले. कर्र, कर्र, आणि दर फेऱ्याला एक टक्. आमच्या जात्याच्या वरच्या तळीचा टवका उडालेला होता, त्याचा तो टक्. सात वर्षं रोज पहाटे माझ्याच हाताखाली ऐकलेला.

"मागं पाहू नका," पटील म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "माय दळून राह्यली."

माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "पन रिकामं हाय व."

मी पोरीला पदराखाली घेतलं. माय वगैरे माझ्या मनात आलीच नाही. मला दिसत होती ती माझी सासू, मोडक्या कमरेनं खाटेवरून उतरलेली, आंधळ्या डोळ्यांनी जात्याचा खुंटा चाचपून धरलेली. गाय पिळायला गेलेल्या सुनेला ती बोलावत होती. महिपत माझ्याकडे बघत होता. त्यानंही जातं ओळखलं होतं. आम्ही दोघंही उठलो नाही. तिसऱ्या प्रहरी आवाज थांबला आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरले नाही.

दिवस बुडाल्यावर गाव परतलं. म्हातारी गेली होती. डोळे मिटलेले, तोंड पुसलेलं, केसांना फणी फिरवून मधोमध भांग पाडलेला. खाटेला लागून जातं ओढून आणलेलं आणि त्याच्याभोवती करडा भुगा. पीठ नव्हे, दगडाचा भुगा. माझ्या मागून पटील आत आला, भुगा चिमटीत घेऊन कपाळाला लावला आणि म्हणाला, "मायनं रोग दळला."

त्यानंतर गावात लेकरू दगावलं नाही. त्याच आठवड्यात सरकारी मंडळ ऑफिसचे लोक येऊन विहिरीत जंतू मारायची पावडर टाकून गेले होते, पण पावडरीला कोण नारळ फोडतो! आमचं जातं शिवेवरच्या लिंबाखाली बसवलं, शेंदूर फासला आणि जातेमाय म्हणून लोक पाया पडू लागले. महिपत तर दर रविवारी नारळ घेऊन जायचा. मी कधी गेले नाही.

जातं गेलं, पण आवाज राहिला. घर रिकामं असलं, दुपार झाली, की माजघरातून यायचा, कर्र, कर्र, टक्. मी आत जाऊन बघायची. जिथं जातं असायचं तिथं जमिनीवर एक गोल उमटलेला होता. मी शेणानं सारवायची, वाळलं की गोल पुन्हा वर यायचा. किती वेळा सारवलं असेल! मुरूम घालून चोपलं तरी यायचा. पोर मोठी झाली, त्या गोलावर पाय देऊन नाचायची, आणि मी ओरडून तिला हटवायची. का ओरडते ते तिला कधी सांगितलं नाही.

रुख्मिणीचा संशय मला आला नव्हता असं नाही. भांग पाडणारी पोचामाय मी तरी ऐकली नव्हती. पण विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती तर पुढचा प्रश्नही विचारावा लागला असता, की म्हातारी शेवटी माझ्याबद्दल काय म्हणाली. तो विचारायची माझी छाती नव्हती. रुख्मिणी रस्त्यात दिसली की मी वाट बदलायची. ती मात्र लिंबाखालून जाताना त्या शेंदरी जात्याकडे बघायची आणि गप्प पुढं जायची.

अशी सहा वर्षं गेली. १९९३ ची दिवाळी झाली आणि रुख्मिणी पडली. पोट फुगलं होतं. आदिलाबादच्या डॉक्टरनं बघून घरी पाठवलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. कापूस वेचणीचे दिवस, सकाळी आठला गाव ओस पडायचं. आयुष्यभर दुसऱ्यांजवळ बसलेल्या बाईजवळ बसायला कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी मी गेले. दया आली म्हणून गेले असं सांगायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे ती उत्तर घेऊन निघून जाईल, याचं भय वाटलं म्हणून गेले.

तिच्या झोपडीत एक खाट, एक घागर, खुंटीला एक पिशवी. तिचे डोळे मिटलेले. मी बाजूला बसले आणि बसल्या बसल्या विचारलं, "त्या दिवशी तूच होती ना?"

"होती," ती म्हणाली. वाटच बघत असल्यासारखी.

मग ती थांबत थांबत बोलली. "बस धराले निघाली होती मी. तुह्या घरासमोरून गेली त आतून आवाज, जयवंता, जयवंता. दार उघडं, गाव सारं गेलेलं. म्या म्हटलं, चर्चात शंभर मानसं हायेत, अठी कोनी नाई. मंग गेली आत. माहा पाय वाजला त म्हनते, आली का व गाय पिळून?"

मी विचारलं, "तू काय म्हणाली?"

"हूं म्हटलं. बोलली असती त तिनं ओळखलं असतं. दिवसभर बोललीच नाई मी. तिनं इचारलं, महिपत जेवला का? हूं म्हटलं. पोर झोपली का? हूं. मंग तिले भेव वाटाले लागलं. म्हने, कोंबडं नाई, कुत्रं नाई, मी मेली का व? हात धरला तरी म्हने, आवाज कर काईतरी. म्हनून जातं ओढलं खाटेजवळ. येका हातात तिचा हात अन् येका हातानं फिरवलं. मंग म्हने, दळून राह्यली का जयवंता? दळ, दळ. अन् निजली."

"पण रिकामं काऊन फिरवलं? कणगीत ज्वारी होती."

तिनं पहिल्यांदा डोळे उघडले. "तुह्या घरचे दाने, जयवंताबाई. न इचारता कशे घेऊ?"

मी तोंडात पदर कोंबला. तरी रडू आवरलं नाही.

"हूं म्हटलं ते खोटंच होतं," रुख्मिणी म्हणाली. "तेवढं लागते मनाले."

खोटं मी बोलले होते. आलीच म्हणून सांगून गेले आणि आले नाही. तिनं दिवसभर बसून, हात सोलवटून, माझं ते खोटं खरं केलं होतं. सासू माझ्यावर चिडून मेली नव्हती. मी जवळ आहे असं समजून मेली होती, आणि मी तेव्हा दोन शेतांपलीकडे बसून तिलाच भीत होते. हे कळून माझं ओझं उतरलं नाही, वाढलंच. पण आता ते माझं होतं, भुताचं नव्हतं.

"तुले भेव नाई वाटलं? रिकाम्या गावात?"

"लई वाटलं. अजून वाटते. दुपारी गाव खाली झालं का तेच आठवते. आता दिसतही नाई धड. तू गप बसली त समजत नाई, हाय का गेली."

मी उठले. "आलीच मी," म्हणाले, आणि तोंडातून काय गेलं ते कळून जागच्या जागी थिजले. रुख्मिणीनंही ऐकलं होतं. मी लिंबाकडे धावतच गेले.

पटील आता थकला होता, दिवसभर त्या लिंबाखालीच बसायचा. मी जात्यावरचे हार बाजूला केले, नारळाच्या करवंट्या पायानं सारल्या आणि वरची तळी हलवू लागले. शेंदराचा थर इतका चढला होता की दोन्ही तळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

"जयवंता! हात नको लावू! माय हाय ते!"

"माय नाई, पटील. माह्या सासूचं जातं हाय. त्या दिवशी रुख्मिणीनं फिरवलं. ते आदिलाबादले गेलीच नोती. तिकडं झोपडीत मरून राह्यली ते आता, अन् तिच्याजवळ कोनी नाई."

पटील हळूच म्हणाला, "लेकरं मंग कायनं वाचले?"

"ते मले काय इचारता? इहिरीले इचारा."

वरची तळी सुटली. ती मी चुंबळ करून डोक्यावर घेतली. खालची माझ्यानं उचलणार नव्हती. वळले तर महिपत मागं उभा, खांद्यावर कापसाचं गाठोडं. केव्हापासून ऐकत होता कोण जाणे. त्यानं गाठोडं खाली टाकलं, वाकून खालची तळी उचलली आणि छातीशी धरली. ज्या दगडाला त्यानं सहा वर्षं नारळ वाहिले, त्याचा शेंदूर त्याच्या सदऱ्याला लागला. अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "मायनं मले आवाज देल्ला होता का? इचारलं का तू?"

"तू जेवला का, ते इचारत होती."

महिपत तिथंच रस्त्यात खाली बसला, दगड मांडीवर घेऊन. मी थांबले. ओझ्यानं मान मोडून आली होती, तरी थांबले. मग तो उठला.

घरून सूपभर ज्वारी घेतली आणि रुख्मिणीच्या खाटेशी जातं मांडलं. पहिलं पीठ शेंदरी निघालं, ते बाजूला काढलं. मग पांढरं येऊ लागलं. सहा वर्षं आमच्या माजघरात जो आवाज यायचा तो हा नव्हता. हा घोगरा, भरलेला. टक् मात्र तोच. महिपत दाराशी उकिडवा बसला होता. त्याच्या मागं दोनतीन बायका वेचणी सोडून आल्या होत्या, आत यावं का बाहेर राहावं हे न कळून उंबऱ्यात अडकलेल्या.

रुख्मिणीनं मान जात्याकडे वळवली. "दाने हायेत का व यात?"

"हायेत. माह्या घरचे हायेत."

ती जरा वेळ ऐकत राहिली. मग तिचा हात खाटेवरून खाली आला, चाचपत. मी एका हातानं तो धरला, दुसऱ्यानं खुंटा.

"कोन हाय?"

"जयवंता."

"खरीच?"

मी जातं थांबू दिलं नाही. "हूं," म्हणाले.